इंग्रजीच्या तासाला मराठी

औंढ्याजवळ दुधाळा शिवारात गुरुत्वीय लहरी टिपणारी 'लायगो' प्रयोगशाळा व्हायची आहे. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांच्या या प्रयोगशाळेसाठी एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तेव्हापासून आपल्या महाविद्यालयाच्या आवारात एक वाक्य वरचेवर ऐकू येते, "सर, आता इंग्रजी यायलाच पाहिजे." वाक्य खरे आहे. पण ते मराठीतच बोलले जाते, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही, एवढेच मला या लेखात म्हणायचे आहे.

पहिल्या वर्षाला येणारा आपला विद्यार्थी इंग्रजीला नवखा नसतो. राज्यातील मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे बारा वर्षे तो या भाषेच्या सहवासात असतो. तरी नाव, गाव आणि वडिलांचा धंदा सांगून झाला की त्याची गाडी थांबते. कारण उघड आहे. गुरुजींनी धडा वाचायचा, मराठीत अर्थ सांगायचा, उत्तरे फळ्यावर लिहायची, मुलांनी ती उतरवून घ्यायची. आणि परीक्षेच्या आधी गाइड आहेच. या सगळ्या खटाटोपात मुलाने स्वतःचे असे एकही इंग्रजी वाक्य केलेले नसते.

यावर उपाय म्हणून काहीजण दुसऱ्या टोकाला जातात आणि तासाला मराठीचा शब्दही काढू देत नाहीत. मीही त्यांपैकीच एक होतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी तसा नियमच केला. वर्ग चिडीचूप झाला आणि मला वाटले, शिस्त लागली! त्याच वर्षी पुढच्या बाकावर बसणारी एक मुलगी आठ दिवस आली नाही. परत आल्यावर मी तिला सर्वांदेखत कारण विचारले. ती खाली मान घालून उभी राहिली. पुढे महिन्याभराने तिने सांगितले. कपाशीवर फवारणी करताना वडिलांना चक्कर आली होती, त्यांना हिंगोलीला दवाखान्यात ठेवले होते. रजा मागायला ती दोनदा माझ्या खोलीच्या दारापर्यंत आली होती. पण इंग्रजी वाक्य जुळेना, म्हणून परत गेली. वडील बरे झाले. माझा नियम मात्र त्या दिवशी संपला.

त्यानंतर मी वर्गाला कीटकनाशकाच्या डब्यातले माहितीपत्रक आणायला सांगितले. घड्या घातलेला तो कागद आपल्याकडे बहुधा बांधावरच पडतो. पण त्यात एकच मजकूर इंग्रजीतही असतो आणि मराठीतही. इतके उत्तम द्विभाषिक पाठ्यपुस्तक फुकट कुठे मिळेल? 'विषबाधेची लक्षणे' या शब्दांसमोर 'सिम्प्टम्स ऑफ पॉयझनिंग' मुलांनी स्वतः शोधून काढले. 'हात साबणाने धुवा' यात क्रियापद शेवटी येते आणि इंग्रजीत तेच 'वॉश' म्हणून पहिल्यांदा येते, हे मी सांगण्याआधी मागच्या बाकावरून आले. डब्यावरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण विषाची तीव्रता उतरत्या क्रमाने दाखवतो, हेही त्या तासाला कित्येकांना प्रथमच कळले. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली. अशा मुलुखात तो बारीक अक्षरातला कागद वाचता येणे ही चैन नव्हे.

मराठीची मदत केवळ शब्दांचे अर्थ सांगण्यापुरती नाही. आपली मुले 'ही हॅज कम यस्टर्डे' असे लिहितात. आपण तांबड्या शाईने रेघ मारतो आणि पुढे जातो. वास्तविक ही चूक अज्ञानाची नाही. 'तो काल आला आहे' हे मराठीत शुद्ध वाक्य आहे. मुलाने आपले व्याकरण इमानाने तिकडे नेले. इंग्रजीत 'काल' म्हटले की तिथे 'हॅज' चालत नाही, एवढा फरक दोन वाक्ये शेजारी मांडून दाखवला की तो लक्षात राहतो. नियम पाठ करून राहत नाही. तसेच 'लाईट गेली', 'फ्यूज उडाला', 'स्टार्टर जळाला' म्हणणाऱ्या शेतकऱ्याच्या पोराला इंग्रजी शब्द येत नाहीत असे कोण म्हणेल? फक्त आपली 'लाईट' त्यांच्याकडे 'पॉवर' होते.

हे काही माझे संशोधन नाही. वेल्समधील डॉडसन यांनी १९६७ मध्ये पुस्तक लिहून मातृभाषेला वर्गात हक्काची जागा दिली. आपल्या देशात एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर-मद्रासकडील साध्या शाळांत आगगाडीचे वेळापत्रक, नकाशे अशा गोष्टींवर कामे देऊन इंग्रजी शिकवले. आपल्याकडे एस. टी.चे वेळापत्रक आहे. जिंतूरची शेवटची गाडी चुकली तर घरी कसे जाल, हा प्रश्न आपल्या विद्यार्थ्याला खरोखरच पडतो. शेक्सपिअरचा जन्म कुठे झाला हा पडत नाही.

मराठीला दार उघडले की सगळा तासच मराठीत जाईल, ही सहकाऱ्यांची भीती मला मान्य आहे. तसे होतेही, थकलेल्या दिवशी माझ्याकडूनही होते. म्हणून मी एकच मोजतो: तासात बोलले कोण? मीच बोललो असेन, तर भाषा कोणतीही असो, तास वाया गेला.

आपल्याच जिल्ह्यातील नर्सीचे नामदेव पंजाबात गेले आणि त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत. परमुलुखात त्यांचे बोल रुजले, म्हणून इकडची मराठी त्यांना कोणी सोडायला लावली नाही. असो.

जूनपासून ग्रंथालयात एक पेटी ठेवावी अशी माझी सूचना आहे. औषधाच्या खोक्यातले कागद, बँकेच्या स्लिपा, बियाण्याच्या पिशव्या, मोटारीबरोबर येणारे पत्रक, दोन भाषांत छापलेले जे जे सापडेल ते त्यात टाकावे. पेटीला पैसे लागणार नाहीत. रिकामे खोके माझ्याकडे आहे.