वाघिणीचा हिशेब

यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला ‘सी-१’ हा तरुण वाघ जून २०१९ मध्ये घराबाहेर पडला आणि डिसेंबरच्या सुरुवातीला बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. कपाशीची शेते, नाले, हमरस्ते, मध्येच तेलंगणाचा कोपरा, असा सुमारे १,३०० किलोमीटरचा त्याचा माग रेडिओ कॉलरने टिपला. एवढी पायपीट स्वतःच्या इलाख्यासाठी, भक्ष्यासाठी आणि मादीसाठी. ज्ञानगंगेत रोही, रानडुकरे मिळाली. वाघीण मात्र एकही नव्हती.

मग त्याच्यासाठी बाहेरून वाघीण आणण्याचा विचार वनखात्यात सुरू झाला. बातम्यांचा सूर तर थेट सोयरीक जुळवण्याचा होता. या संसाराचा खर्च कोणाच्या अंगावर पडतो, याची चौकशी फारशी झाली नाही.

नर मोजतो ती किंमत चालण्यात आणि झुंजीत. मादीची किंमत शरीरातून वसूल होते. गर्भारपण जेमतेम साडेतीन महिन्यांचे, पण जड पोटानेही शिकार तिलाच करायची असते. पिले जन्मतात ती आंधळी. आधी दूध, नंतर मांस. एकट्या वाघिणीला वर्षाला हरणाएवढी पन्नासेक जनावरे लागतात. पिले वाढू लागली की हा आकडा चांगलाच चढतो. दीड-दोन वर्षे ती पिलांना सोडत नाही आणि सहसा पुन्हा माजावरही येत नाही. एवढ्यात दुसरा नर आला, तर तो पिले मारून टाकतो आणि तिचा सगळा खर्च पाण्यात जातो.

ज्ञानगंगेचे क्षेत्र २०५ चौरस किलोमीटर. बुलढाणा-खामगाव रस्ता त्यातूनच जातो. एक जोडपे इथे मावेलही. वयात आलेल्या पिलांचे काय? उत्तरेला अंबाबरवा आणि मेळघाटचे जंगल आहे, पण मध्ये पूर्णेचे सपाट खोरे, त्यातली शेती, मुंबई-नागपूर लोहमार्ग आणि महामार्ग. नाल्याकाठची झाडी राखणे, महामार्गाखाली जनावरांना वाट ठेवणे ही कामे वाघीण पिंजऱ्यातून आणण्याइतकी बातमीदार नाहीत. तरी आधी करायची ती हीच. नाहीतर वाघिणीने दोन वर्षे रक्त आटवून वाढवलेले पिलू तिसऱ्या वर्षी मलकापूर-नांदुरा रस्त्यावर ट्रकखाली सापडायचे.