एअर फ्रायरची वीज आणि बिलाचे टप्पे

एअर फ्रायर घेतला की विजेची बचत होते, असं दुकानातला विक्रेता छातीठोकपणे सांगतो. एअर फ्रायर लावला की मीटर गरगर फिरतो, असं शेजारीपाजारी बजावतात. (मीटर आता डिजिटल झाले, फिरायला त्यात काही उरलेलं नाही, धास्ती मात्र जुनीच.) दोघंही सारख्याच खात्रीने बोलतात आणि दोघंही मुद्द्याची गोष्ट गाळतात. बचत किंवा उधळपट्टी, ती नेमकी कशाच्या तुलनेत?

बचतीचा दावा मुळात आपल्या स्वयंपाकघरातून आलेला नाही. फिलिप्सने २०१० मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात हे यंत्र लोकांपुढे आणलं. पुढे २०२२ च्या ब्रिटनमध्ये त्यावर अक्षरशः उड्या पडल्या. युक्रेन युद्धानंतर तिथे ऊर्जेचे दर भडकले होते. सरकारने मध्ये पडून ऑक्टोबरपासून दर बांधून दिला, तोही घरगुती विजेच्या युनिटमागे सरासरी ३४ पेन्स, म्हणजे आदल्या वर्षीच्या दीडपटीहून अधिक. तिथल्या घरात ओव्हन असतोच, साठ-सत्तर लिटरचा आणि बहुतेक ठिकाणी विजेवर चालणारा. दोघांपुरते बटाट्याचे काप भाजायला एवढं कपाट तापवण्यापेक्षा चार लिटरचं भांडं तापवणं स्वस्त पडणारच. तिथला हिशेब चोख आहे.

आपल्याकडे मात्र एअर फ्रायर ओट्यावर येतो तो गॅसवरच्या कढईच्या जागी. तिथे विजेची बचत होण्याचा प्रश्नच येत नाही, कारण कढई वीज खातच नव्हती.

आता आकडे. घरगुती एअर फ्रायर साधारण १,२०० ते १,८०० वॅटचा असतो. १,५०० वॅटचं यंत्र वीस मिनिटं अखंड चाललं तर अर्धा युनिट वीज जाते. प्रत्यक्षात त्याहून कमी, कारण आत २०० अंशांच्या आसपास हवा तापली की थर्मोस्टॅट कॉइल बंद करतो, हवा निवली की पुन्हा चालू करतो. पंखा तेवढा फिरत राहतो. म्हणजे खोक्यावरचा वॅटचा आकडा ही कमाल मर्यादा झाली. रोज अर्धा तास वापरला तर महिन्याला १५ ते २० युनिट धरायला हरकत नाही.

या १५-२० युनिटांची किंमत मात्र घरागणिक वेगळी, आणि खरी गंमत इथेच आहे. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांचा. वहन आकार धरून पहिल्या १०० युनिटांना सहा रुपयांच्या आसपास, १०१ ते ३०० पर्यंत अकराच्या आसपास, त्यापुढे साधारण पंधरा. त्यावर १६ टक्के वीज शुल्क. इंधन समायोजन कमीजास्त होत राहतं, ते सोडून देऊ. म्हणजे युनिट पडतो अनुक्रमे सात, तेरा आणि सतरा रुपयांना. दर टप्प्यांचे असले तरी १०० च्या वर गेलं म्हणून सगळं बिल महाग होत नाही. वरच्या युनिटांनाच वरचा दर लागतो. हा गैरसमज सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अजून ठाण मांडून आहे.

पण याच नियमाची दुसरी बाजू फारशी कुणी बघत नाही. घरात नवं यंत्र आलं की त्याचे युनिट बिलाच्या शेपटाला जोडले जातात, डोक्याला नाही. एकट्या राहणाऱ्या आणि महिन्याला ७० युनिट वापरणाऱ्या आजींना १८ युनिटांचे सव्वाशे रुपये पडतील. त्याच इमारतीत एसी, गीझर आणि दोन फ्रिज असलेल्या, ३५० युनिटवर गेलेल्या घराला तेच यंत्र तितकंच वापरून तीनशेच्या वर पडेल. वॅट तेच, वडी तीच. म्हणून ‘एअर फ्रायरला महिना किती बिल येतं?’ या प्रश्नाला आधी आपलं बिल उघडून शेवटचा युनिट कोणत्या टप्प्यात पडतो ते पाहिल्याशिवाय उत्तर नाही. गोव्यात तर घरगुती वीज महाराष्ट्राहून बरीच स्वस्त. मडगावच्या आणि ठाण्याच्या घराला एकच आकडा सांगणारे व्हिडिओ त्यामुळे निकामी ठरतात.

गॅसचं काय? १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिटांइतकी उष्णता असते. सिलिंडर नऊशे रुपयांचा धरला तर युनिटमागे पाच रुपये. शेगडीची बरीच आच कढईच्या कडेने निघून जाते हे खरं, तरीही कोथिंबीर वडीचा एक घाणा पंधरा मिनिटांत तळून काढायला अडीच रुपयांच्या आसपास गॅस लागतो. तेवढ्याच वड्यांना एअर फ्रायरमध्ये वीस मिनिटं, म्हणजे मधल्या टप्प्यात पाच-सहा रुपये. निव्वळ इंधनात गॅस निम्म्याने स्वस्त.

मग एअर फ्रायर हरला का? नाही, कारण कढईच्या हिशेबात तेल धरायचं राहिलं. तेल लिटरला दीडशे रुपये धरलं तर एका घाण्यात वड्यांनी शोषलेलं आणि नंतर काळपट म्हणून टाकून दिलेलं मिळून १०० मिलिलिटर गेलं, तरी पंधरा रुपये झाले. विजेचे तीन रुपये जास्त गेले आणि तेलाचे पंधरा वाचले, म्हणजे निव्वळ बारा. उरलेलं तेल गाळून पुन्हा तळणीला, मग फोडणीला वापरायची आपली घरोघरची रीत आहे, त्यामुळे हा फरक प्रत्यक्षात आणखी थोडा घटतो. अर्थात त्या रीतीलाही मर्यादा आहे: तळणीच्या तेलातली ध्रुवीय संयुगं २५ टक्क्यांवर गेली की ते वापरू नये, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम २०१८ पासून आहे. घरात ते मोजणार कोण, हा भाग वेगळा.

मात्र ही बचत जे एरवी तळलंच असतं त्यावरच मिळते. उकडून घेतलेल्या वड्या, रव्यात घोळवलेली सुरमई, तिखट-मीठ लावलेले काजू, कालचे गार पडलेले समोसे: इथे यंत्र आपली किंमत वसूल करतं. कांदाभजीचं पीठ जाळीतून खाली ओघळतं आणि बटाटेवड्याचं बेसन नीट फुलत नाही, तेव्हा त्यांची कढई मोडीत काढू नये. शेंगदाणे तर लोखंडी कढईत मंद आचेवर रुपया-दीड रुपयात भाजून होतात. त्यासाठी यंत्र तापवणं ही निव्वळ हौस. हौसेला हरकत नाही, फक्त तिला बचत म्हणू नये.

ज्यांच्याकडे ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन, आहे आणि त्यात चार कटलेट गरम होत असतात, त्यांना मात्र ब्रिटनचा हिशेब बराचसा लागू होतो. ओटीजी आधी दहा मिनिटं नुसता तापवावा लागतो. एअर फ्रायरला दोन-तीन मिनिटं पुरतात, कित्येकदा तीही लागत नाहीत.

आकाराचाही विचार करावा लागतो. चार लिटरच्या जाळीत दोघांचं भागतं. सहा माणसांच्या घरात तीन घाणे काढावे लागतात, तास मोडतो आणि अर्ध्या युनिटाचा दीड होतो. जाळी खचाखच भरून उरक पाडायला गेलं तर हवा खेळत नाही आणि वड्या मऊच राहतात. कधीमधी वापरणाऱ्यांचा मोठा खर्च तर विजेचा नसतोच. सहा हजारांचं यंत्र पाच वर्षं टिकलं तर महिन्याला शंभर रुपये त्याच्या किमतीचेच झाले, मग ते ओट्यावर असो की माळ्यावर.

दुकानात न विचारला जाणारा आणखी एक प्रश्न प्लगचा. २३० व्होल्टवर १,५०० वॅट म्हणजे साडेसहा अँपिअर. मिक्सरचा नेहमीचा सॉकेट सहा अँपिअरचा असतो. जुन्या वाड्यांत, चाळींत आणि चाळीस वर्षांपूर्वीच्या सोसायट्यांत ओट्याजवळ सोळा अँपिअरचा पॉइंट बऱ्याचदा नसतोच. मग फ्रिजच्या पॉइंटवरून एक्स्टेंशन ओढलं जातं किंवा अ‍ॅडॉप्टर लावून मोठी पिन छोट्या भोकांत बसवली जाते. हात लावला तर प्लग गरम लागतो, महिनाभराने सॉकेटच्या कडा पिवळ्या पडतात. इलेक्ट्रिशियनला बोलावून जाड वायर, सोळा अँपिअरचा सॉकेट आणि वेगळा एमसीबी बसवायला जे पैसे लागतील, ते यंत्राच्या किमतीतच धरायला हवेत.