युनियन कंपनीच्या गेटावरच थांबली, तर आपलं काय?



गावात बैठक बसली की आपण वनपट्ट्यावर बोलतो. दावा कुठं अडकला, मोजणी कधी होणार, सातबारावर नाव कधी येणार. हे बोललंच पाहिजे. पण दिवाळी झाली की बैठकीतली निम्मी माणसं दिसत नाहीत. कोणी टोळीबरोबर ऊसतोडीला गेलेलं असतं, कोणी वाळूजला, कोणी शेंद्र्याला ठेकेदाराच्या हाताखाली. तिथं त्यांच्या बाजूनं बोलणारं कोण आहे? माझं म्हणणं असं आहे की, जमिनीची संघटना आणि कामगारांची युनियन ही आता दोन वेगळी कामं राहिलेली नाहीत.

युनियननं काही दिलंच नाही, असं आपली पोरं म्हणतात. ते खरं नाही. रविवारची सुट्टी कोणा मालकानं मन मोठं करून दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र केलं, तेव्हा १८९० साली ती मिळाली. पगारी रजा, प्रॉव्हिडंट फंड, बोनस, हे सगळंसुद्धा कामगारांनी भांडूनच घेतलं.

पण तेव्हाची गिरणी एका जागी होती. मालक कुठं बसतो ते माहीत होतं. आता तसं नाही. बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ पासून आहे. कंपनीच्या गाड्या आफ्रिकेत आणि दक्षिण अमेरिकेत विकल्या जातात. २०१३ साली पुण्याजवळ चाकणच्या कामगारांनी जवळपास ५० दिवस काम बंद ठेवलं. तेव्हा कंपनीनं इशारा दिला की, इथलं उत्पादन आम्ही वाळूजला आणि उत्तराखंडात पंतनगरला हलवू. म्हणजे इथल्या कामगाराचे हात दाखवून तिथल्या कामगाराला भीती घालायची. देशादेशांत पण हेच चालतं. जिथं मजुरी कमी आणि युनियन ढिली, तिथं काम हलतं.

दुसरा बदल ठेकेदारीचा. एकाच मशीनवर दोन माणसं उभी असतात, एक परमनंट, एक ठेक्याचा. काम सारखं, पगार निम्मासुद्धा नाही. सात महिने झाले की ब्रेक, मग दुसऱ्या नावानं भरती. आता बिडकीन-शेंद्रा पट्ट्यात ऑरिक वसाहत उभी राहते आहे. टोयोटा किर्लोस्करनं तिथं मोठा कारखाना टाकायचा करार २०२४ मध्ये राज्य सरकारशी केला. रोजगार येणार म्हणतात. येऊ द्या. पण आपल्या पोराला तिथं कंपनीचं कार्ड मिळणार की ठेकेदाराचा गेटपास, हे आत्ताच विचारायला पाहिजे.

वरून कायदा बदलला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. आता संपाआधी १४ दिवसांची नोटीस लागते. ३०० पेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्याला कामगार काढायला सरकारची परवानगी लागत नाही, आधी ही मर्यादा १०० होती. एकट्या युनियनला वाटाघाटीचा हक्क हवा, तर ५१ टक्के कामगार तिच्याकडं पाहिजेत. ठेक्याचे कामगार पाच ठेकेदारांत वाटलेले असले, तर हे कसं जमवायचं?

इथं मी युनियनवाल्यांनापण बोलणार. बऱ्याच युनियन परमनंट कामगारांच्या करारापुरत्याच राहिल्या. ठेक्याचा पोरगा त्यांच्या मेंबरात नाही, म्हणून त्याच्या हाताचं बोट गेलं तरी त्यांच्या सभेत तो विषय येत नाही. परमनंट माणसं दरवर्षी कमी होत चालली. उद्या त्यांची युनियन कोणाच्या जोरावर टिकणार?

ऊसतोडीचं उदाहरण बघा. तिथं ना गेट, ना हजेरीकार्ड. माणसं मराठवाडा-खानदेशातून शेकडो कारखान्यांवर पांगलेली, डोक्यावर मुकादमाची उचल. तरी संघटनांनी लावून धरलं आणि जानेवारी २०२४ मध्ये साखर संघाला तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य करावी लागली, तीपण अख्ख्या राज्यासाठी. पांगलेला कामगार संघटित होत नाही, हे मग कसं मानायचं?

आता जमिनीचं. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. संप महिनोन् महिने ताणला, तेव्हा कितीतरी कामगार गावाकडच्या शेतावर तगले. ज्याच्या घरी दोन पोती ज्वारी आहे, तो कमी मजुरीला नाही म्हणू शकतो. ज्याच्या घरी काहीच नाही, तो मिळेल त्या उचलीवर अंगठा देतो. वनपट्टा ही आपली संपातली शिदोरी आहे.

आणि उलटंही खरं आहे. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया लागतात. गाव ऊसतोडीला गेलं की कोरम भरत नाही, दावा तसाच पडून राहतो. मजुरीची लढाई हरलो की जमिनीची पण हरतो.

म्हणून माझ्या तीन सूचना. पहिली, स्थलांतराआधी प्रत्येक गावानं वही करावी. कोण कुठं चाललं, मुकादम किंवा ठेकेदार कोण, उचल किती, सगळं लिहावं. दुसरी, ठेकेदारानं पगार बुडवला तर तो द्यायची जबाबदारी मूळ कंपनीवर आहे, हे प्रत्येक पोराला सांगून पाठवावं. तिसरी, आपल्या संघटनेनं शहरातल्या युनियनांना गावात बोलवावं आणि तोंडावर विचारावं, ठेक्याच्या माणसाला मेंबर करता का? हो म्हणणाऱ्यांच्या संपात आपण भाकरी घेऊन जाऊ. त्यांनी आपल्या मोर्चात यावं.

यावर पुढच्या बैठकीत बोलू. ज्यांना माझं पटत नाही त्यांनी तर यावंच.

जोहार. जिंदाबाद.