पहिल्या वर्षाच्या शिक्षिकेमागे कोण उभं आहे?

२०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत माझी धाकटी बहीण लातूरला घरी आली, ती पर्समध्ये राजीनाम्याचा कागद घेऊनच. अम्मी झोपल्यावर तिने तो माझ्यासमोर ठेवला. "भाई, मेरे से नै होता अब," एवढंच म्हणाली. पुण्याच्या नोकरीला जेमतेम पाच महिने झाले होते.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. त्या रात्री पहिल्यांदा मी तिच्या आणि माझ्या नोकरीचं पहिलं वर्ष शेजारी-शेजारी ठेवून पाहिलं. मला रुजू झाल्यावर दोन महिने फक्त शिकवलं गेलं. शंका विचारायला एक सीनियर नेमून दिला होता. माझा कोड कुणीतरी तपासल्याशिवाय पुढे जातच नव्हता. मी चुकलो तर कंपनीचं एखादं पान बंद पडलं असतं. तिला रुजू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी हजेरीपट मिळाला आणि तिसरीचा वर्ग मिळाला. पटावर ३८ मुलं. शिक्षण हक्क कायदा २००९ प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक सांगतो. शंका विचारायला कुणी नाही, कारण शेजारच्या वर्गातल्या बाई स्वतःच दोन वर्ग सांभाळत होत्या.

आपल्याकडे शिक्षक होणं सोपं आहे असा एक गैरसमज आहे. तिने डी.एड. केलं, टीईटी पास झाली, मग २०२३ ची अभियोग्यता चाचणी दिली. १२० मिनिटांत २०० प्रश्न. त्यानंतर पवित्र पोर्टलवर पसंतीक्रम भरून वाट पाहणं. एवढं सगळं पार करून हाती आलं ते शिक्षणसेवकपद. तीन वर्षं मानधनावर, मग नियमित वेतनश्रेणी. प्राथमिकला हे मानधन वर्षानुवर्षं ६ हजार होतं. जानेवारी २०२३ पासून ते १६ हजार झालं. १६ हजारात लातूरला घरी राहून भागतं. पुण्यात खोलीचं भाडं देऊन भागत नाही.

आणि खोली आधी मिळायला तर हवी. तिच्याबरोबर यवतमाळची एक मुलगी त्याच शाळेत रुजू झाली होती. तेच मानधन, तीच अडचण, तेच परकं शहर. तिला दोन दिवसांत खोली मिळाली. माझ्या बहिणीचं बोलणं फोनवर छान व्हायचं, नाव सांगितलं की "घरच्यांना विचारून कळवतो" असं उत्तर यायचं. तीन आठवडे ती एका नातेवाइकाकडे राहून रोज दोन बस बदलत शाळेत गेली. शेवटी त्या यवतमाळच्या मुलीनेच आपली खोली सोडली. दोघी मिळून घरं पाहायला लागल्या आणि "राहू तर दोघी, नाहीतर कुणीच नाही" असं सांगू लागल्या. चौथ्या घराच्या मालकीणबाई हो म्हणाल्या. हे मी मुद्दाम सांगतो, कारण दार बंद करणाऱ्यांचा हिशेब आपण ठेवतो, पण आपली मिळालेली खोली सोडून सोबत आलेल्यांचा ठेवत नाही.

वर्गातही प्रश्न होताच. पहिल्या पालकसभेत एका आईने विचारलं, "मॅडम, तुम्ही मराठी शिकवणार?" बहीण हसून "हो" म्हणाली. पण त्या वर्गातली निम्मी मुलं मजुरीसाठी आलेल्या कुटुंबांतली. कुणाच्या घरी भोजपुरी, कुणाच्या घरी कन्नड, कुणाच्या घरी आपली दखनी. हिंदी पट्ट्यातली मुलं 'शाळा'ला 'शाला' म्हणायची आणि वर्ग हसायचा. बहिणीला हे हसू ओळखीचं होतं. घरात एक भाषा आणि शाळेत दुसरी, हे तिने स्वतः पहिलीत सोसलं होतं. तिने 'ळ'चा खेळच केला: फळा, बाळ, कावळा, रोज पाच शब्द, सगळ्यांनी मिळून मोठ्याने. जिच्या मराठीवर शंका घेतली गेली तिलाच मुलाला मराठीत कुठे अडतं ते नेमकं कळत होतं.

मग ती राजीनाम्यापर्यंत का आली? मुलांमुळे नाही. शाळा सुटल्यावर सुरू होणाऱ्या कामामुळे. यू-डायसची माहिती, पोषण आहाराची रोजची नोंद, चाचण्यांचे गुण, आधार पडताळणी. कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देता येत नाही. पण ऑनलाइन माहिती भरणं हे अशैक्षणिक मानायचं की नाही, या वादात शिक्षकाची संध्याकाळ जाते. शाळेतली सगळ्यात तरुण तीच, म्हणून इतर वर्गांचीही माहिती तिच्याकडे.

त्यात नावांचा घोळ. तिच्या वर्गातल्या नऊ मुलांची नावं शाळेच्या रजिस्टरशी आणि आधारशी जुळत नव्हती. त्यातली पाच शेख. एकीकडे 'शेख' पुढे, दुसरीकडे मागे, इंग्रजी स्पेलिंग तीन प्रकारचं. सॉफ्टवेअरच्या लेखी ही वेगवेगळी माणसं. आणि ज्याचं आधार जुळत नाही ते मूल संचमान्यतेत धरलं जाईल याची खात्री नाही. म्हणजे मूल वर्गात बसलेलं, पण शिक्षकांची पदं ठरवताना मोजलेलं नाही. अशा रचना माझ्यासारखेच इंजिनिअर बनवतात. नाव, मधलं नाव, आडनाव असे तीन रकाने मीही कितीदा ठेवलेत, ते कुणाच्या नावात बसतात याचा विचार न करता.

आता माझी कबुली. नोकरी लागली तेव्हा मी तिला म्हणालो होतो, "सोळा हजारांसाठी पुणे? त्यापेक्षा टेस्टिंगचा कोर्स कर." घरात मोहल्ल्यातल्या इंजिनिअरचं कौतुक व्हायचं, हिच्यासाठी मात्र "आता लग्नाचं बघा." नीटमध्ये पास झालेल्या मुलांचे फोटो आपण चौकात लावतो. शिक्षिका झालेल्या मुलीचा फोटो मी कुठे पाहिलेला नाही. सावित्रीबाईंनी १८५६ मध्ये जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाला किती कष्ट पडत असतील याची काळजी आहे. फातिमा शेख यांचं नाव आपण जयंतीला अभिमानाने घेतो. पण आज शाळेत राबणाऱ्या आपल्याच मुलीला किती कष्ट पडतात, हे मी पाच महिन्यांत एकदाही विचारलं नव्हतं.

त्या सुट्टीत दोनच गोष्टी झाल्या. अब्बांचे एक जुने मित्र, जिल्हा परिषदेचे निवृत्त मुख्याध्यापक, चार दुपारी तिच्याबरोबर बसले. ३८ मुलांचे गट कसे पाडायचे, कोणती नोंद रोज लागते आणि कोणती शनिवारवर ढकलता येते, दुसऱ्या वर्गांच्या कामाला आदबीने नाही कसं म्हणायचं, हे त्यांनी सांगितलं. आणि माहितीचा ताळमेळ माझ्याकडे आला. रजिस्टरमधलं नाव आणि आधारवरचं नाव शेजारी ठेवणारा साधा तक्ता मी करून दिला. तो घेऊन ती पालकांना भेटली आणि जूनपूर्वी सात मुलांची दुरुस्ती झाली. राजीनामा दिला गेला नाही. आता तिचं दुसरं वर्ष सुरू आहे.

कुणी म्हणेल, हे सगळं सरकारचं काम आहे. बरोबर आहे. पहिल्या वर्षी अनुभवी शिक्षकाची सोबत, शहराचा खर्च झेपेल असं वेतन, माहिती भरायला वेगळा माणूस, ही मागणी आपण करायलाच हवी, आणि ती फक्त मुस्लिम शिक्षकांसाठी नाही. यवतमाळच्या मुलीलाही ती तितकीच लागते. पण मागणी पूर्ण होईपर्यंत कुणीतरी आज रात्री राजीनामा लिहीत असेल.

अभियोग्यता चाचणी २०२५ मध्ये पुन्हा झाली आहे. त्यातून नवी मुलं-मुली अनोळखी शहरांत रुजू होतील. तुमच्याकडे शहरात रिकामी खोली असेल तर नाव-गाव न पाहता ती अशा एकीला द्या. संगणकावर काम करत असाल तर महिन्यातला एक शनिवार जवळच्या पालिका शाळेला द्या. तुमच्या मोहल्ल्यातल्या निवृत्त गुरुजींची आणि नव्या शिक्षिकेची गाठ घालून द्या. आणि यातलं काहीच जमलं नाही तर निदान फोन करा, आणि पगार सोडून काहीतरी विचारा. मुलं कशी आहेत, एवढं विचारलं तरी ती अर्धा तास बोलेल.