घडणावळ किती लावली?

कुणाच्या गळ्यात नवा दागिना दिसला की आपल्याकडे तीन प्रश्न ठरलेले. किती तोळ्यांचा? भाव काय लागला? आणि जरा आवाज खाली आणून, घडणावळ किती घेतली? तिसऱ्याचं उत्तर काहीही येवो, आपली प्रतिक्रिया एकच, "बाई, लुटलं की गं तुला!" सोन्याच्या भावात घासाघीस करता येत नाही, तो पेपरात छापून आलेला असतो. मग उरते घडणावळ. ती शंभर-दोनशे रुपयांनी खाली आणली की लढाई जिंकल्यासारखं वाटतं. मैत्रिणींनो, या घडणावळीबद्दलच आज बोलायचं आहे. पण सोन्याच्या नव्हे, अंबरच्या निमित्तानं.

अंबर म्हणजे इथं आकाश नव्हे आणि पितांबरातलं वस्त्रही नव्हे. हा खडा म्हणून विकला जातो, पण दगड नाही. साधारण चार-साडेचार कोटी वर्षांपूर्वी उत्तर युरोपातल्या जंगलांत झाडांच्या खोडांवरून ओघळलेली राळ जमिनीत गाडली गेली, कडक झाली, तेच हे अंबर. बाल्टिक समुद्राच्या काठावर ते लाटांबरोबर वाळूत येऊन पडतं. कुठं मधासारखं, कुठं लोणकढ्या तुपासारखं, कुठं चिक्कीच्या पाकासारखं. एखाद्यात मुंगी अडकलेली असते, एखाद्यात पानाचा तुकडा. आपल्याकडे हे अगदीच अनोळखी नव्हतं बरं का. संस्कृतात याला तृणमणी म्हणतात आणि युनानी हकीम कहरुबा. दोन्ही नावांचा रोख एकच, कापडावर घासलं की हे गवताची काडी ओढून घेतं. ग्रीक लोक याला इलेक्ट्रॉन म्हणायचे, त्यावरूनच पुढे इलेक्ट्रिसिटी हा शब्द आला. म्हणजे आपण रोज लाइट गेली म्हणून कटकट करतो, त्या लाइटच्या इंग्रजी नावाचं मूळ या दागिन्यात आहे!

माझी भाची नोकरीनिमित्त पोलंडमध्ये ग्दान्स्कला असते. 2023 च्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे पंधरा दिवस राहून आले. (पोलंड म्हटल्यावर कोल्हापूरकडच्या वाचकांना वळिवड्याचा कॅम्प आठवेल. दुसऱ्या महायुद्धात देशोधडीला लागलेल्या पोलिश बायकामुलांना 1943 पासून तिथं आसरा मिळाला होता.) ग्दान्स्क हे अंबरचं गाव. अंबर घडवणाऱ्यांचा संघ तिथं 1477 साली स्थापन झाला. मारियाट्स्का नावाच्या जुन्या दगडी गल्लीत दुतर्फा दुकानं, आणि प्रत्येकात हेच पिवळं. खरं सांगू? त्यातलं निम्म्याहून जास्त मला आवडलं नाही. एकाच मापाचे गुळगुळीत मणी, चांदीच्या कडेत बसवलेले बदाम, हत्ती, मांजरं. जत्रेतून आणावं तसं.

मग भाचीनं अंबरच्या म्युझियममध्ये नेलं. हे म्युझियम 2021 पासून शहरातल्या जुन्या मोठ्या गिरणीच्या इमारतीत आहे. तिथं आजच्या कलाकारांनी केलेले दागिने पाहिले आणि मी बराच वेळ काचेसमोरून हलले नाही. एका अंगठीतल्या तुकड्याची मातकट साल तशीच ठेवली होती, फक्त एका बाजूला खिडकीएवढी जागा घासून चकचकीत केलेली. आतला प्रकाश तिथून दिसत होता. एका ब्रोचमध्ये तुकड्याला गेलेला तडा लपवला नव्हता, उलट चांदीची बारीक रेघ त्याच वळणानं पुढे नेली होती. आपल्याकडे तडा गेलेला खडा सोनार परत पाठवेल, आणि इथं तडा हेच डिझाइन!

अंबरशी काम करणं सोपं नाही. ते इतकं मऊ की जवळजवळ आपल्या नखाएवढंच कडक. आच लागली तर मऊ पडतं, जळतं, राळेचा वास सुटतो. त्यामुळे आधी चांदीचं सगळं जोडकाम उरकायचं, घासायचं, थंड करायचं आणि अगदी शेवटी अंबर बसवायचं. चुकलं तर पुन्हा ज्योत दाखवून दुरुस्त करता येत नाही. दुसरीकडे एक मोठी सोय, ते हलकं असतं. त्याच आकाराचं शुद्ध सोनं जवळपास अठरापट जड भरेल. खाऱ्या पाण्यात तर अंबर तरंगतं. लिंबाएवढा तुकडा गळ्यात घातला तरी मान अवघडत नाही. आमच्या आजीच्या कानाची भोकं कुड्यांनी आणि बुगड्यांनी ओघळून पार लांब झाली होती, वेल लावूनही. हातभर कानातलं केलं तरी कान ओढला जात नाही, असा विचार करून कुणी दागिना घडवतो, हेच मला नवीन होतं.

आणि आता मुद्द्याचं. तिथल्या कलाकाराच्या दागिन्याची किंमत अंबरच्या वजनावर ठरत नाही. ती ठरते कुणी केला, काय कल्पना लढवली यावर. म्हणजे आपल्या भाषेत बोलायचं तर सगळी किंमत घडणावळीचीच! ग्दान्स्कच्या कला अकादमीत दागिन्यांचं डिझाइन हा शिकण्याचा विषय आहे, स्वावोमिर फियाउकोव्स्कींसारखे नावाजलेले डिझायनर तिथं शिकवत आले आहेत. 1994 पासून अ‍ॅम्बरिफ नावाचं अंबरचं मोठं प्रदर्शन भरतं, त्याच्या जोडीनं डिझाइनची स्पर्धा असते. चांदीवर शुद्धतेच्या शिक्क्याशेजारी बनवणाऱ्याचा स्वतःचा छोटा शिक्का मारायची तिथं पद्धत आहे. मी घेतलेल्या कानातल्यांवरही तो आहे, भिंग लावलं की दिसतो.

घरी आल्यावर मी माझ्या बांगड्या भिंगाखाली धरल्या. 2021 पासून आपल्याकडे सोन्याला हॉलमार्क सक्तीचा झाला, 2023 पासून त्यावरचा सहा अक्षर-आकड्यांचा नंबरही बंधनकारक झाला. फार चांगलं झालं, आपली फसवणूक टळली. पण त्या खुणांत शुद्धता आहे, सरकारी चिन्ह आहे, नंबर आहे. पूर्वी दुकानदाराची खूण तरी असायची. ज्यानं डोळे फोडून ती बांगडी घडवली त्याची खूण मात्र कधीच नव्हती. हुपरीत घरोघरी चांदीचं काम चालतं. तिथले पैंजण आपण पोरीबाळींच्या पायात वर्षानुवर्षं घालतोय. एक तरी कारागीर नावानं माहीत आहे का आपल्याला? साडीच्या बाबतीत आपण "पैठणी कुठली, येवल्याची का?" असं निदान गाव तरी विचारतो. दागिन्याच्या बाबतीत तेवढंही नाही.

माझी एक मैत्रीण हे ऐकून चिडलीच. म्हणाली, "तुझं कलाबिला ठेव बाजूला. माझ्या नवऱ्याच्या ऑपरेशनला माझ्या पाटल्या कामाला आल्या. तुझं ते झाडाचं चिकट घेऊन गेले असते तर बँकेनं दारात उभं केलं असतं का?" तिचं शंभर टक्के खरं आहे. बाईच्या नावावर ना शेत, ना घर. गळ्यातलं आणि हातातलं एवढंच तिचं. तेही पुष्कळदा सासूच्या कपाटात. अशा बाईला सोनं घेऊ नको म्हणण्याइतकी मी शहाणी नाही. पोलंडमध्येसुद्धा कुर्प्ये भागातल्या शेतकरी मुलींच्या लग्नाच्या साजात अंबरच्या जाडजूड मण्यांच्या माळा असायच्याच. आधार हवाच असतो.

पण 2025 मध्ये दहा ग्रॅम सोन्यानं लाखाचा आकडा ओलांडला, तेव्हा आपण काय केलं? एक ग्रॅमवाल्याकडे गेलो. हुबेहूब सोन्यासारखं दिसणारं, सहा महिन्यांत काळं पडणारं. म्हणजे सोनं परवडत नाही तर सोन्याचं सोंग. या दोन्हींच्या मध्ये काही असूच शकत नाही का? चांदीचं, पितळेचं, लाकडाचं, कुणीतरी डोकं लावून केलेलं, मोडीत काही येणार नाही पण घालताना आपलंच वाटेल असं? सुरक्षेसाठी घ्यायचं ते वजनावर घ्या, हौसेसाठी घ्यायचं ते तरी वजनावर घेऊ नका. मला तर वाटतं, मोडीत न जाणारा एखादा दागिना बाईकडे हवाच. त्यावर कुणाचा डोळा नसतो, तो कुणी गहाण टाकायला मागत नाही.

हे वाचून लगेच अंबर घ्यायला मात्र धावू नका. पर्यटकांच्या बाजारात पिवळ्या मण्यांच्या माळा अंबर म्हणून गळ्यात मारतात, त्यात प्लास्टिक आणि काच भरपूर. कोपल नावाची कोवळी राळही खपवतात, तिला अ‍ॅसिटोनचा, म्हणजे नेलपॉलिश काढायच्या पाण्याचा, थेंब लागला की ती चिकट होते. खऱ्या अंबरचा चुरा दाबून केलेले मणीही असतात, ते तसं सांगून विकले तर हरकत नाही. सुट्टा मणी असेल तर पेलाभर पाण्यात मीठ विरघळेनासं होईपर्यंत घाला. मणी बुडला तर नक्की नकली. तरंगला म्हणून खराच असंही नाही, खात्री प्रयोगशाळेतच होते. आणि खरं अंबर मिळालंच तर अत्तर आणि हेअरस्प्रे लावून झाल्यावर घाला. रिठ्याच्या गरम पाण्यात तर अजिबात टाकू नका, ओल्या मऊ फडक्यानं पुसलं की पुरे.

यंदा दिवाळीत मुलीची नथ घ्यायला आमच्या गावातल्या पेढीवर गेले होते. घडणावळीचा आकडा ऐकला आणि नेहमीचं वाक्य जिभेवर आलं होतं. त्याऐवजी विचारलं, "ही केली कुणी?" मालक गोंधळलेच. मग माडीकडे तोंड करून हाक मारली. बंगालमधल्या घाटालचा एक मुलगा खाली आला, असेल बावीस-तेवीसचा, बोटं काळी झालेली. त्यानं नथ हातात घेतली, उलटी केली, मोत्यामागचा तारेचा पीळ बोटानं दाखवला आणि हिंदीत म्हणाला, "ये मोड मेरा है, ताई. बाकी लडके उल्टा घुमाते हैं."