झूमचा ढीग आणि पावसाचं पाणी

बावड्याच्या कचऱ्यावरून भांडायचा आपला एक ठरलेला मोसम आहे. मार्च-एप्रिल. कचरा पेटतो, लाईन बझारात धूर शिरतो, मग निवेदनं, मोर्चा, पेपरात फोटो. जूनमध्ये पाऊस आला की आग विझते आणि आपणही विझतो. माझं म्हणणं असं की खरं भांडण तेव्हाचं आहे.. खरं तर त्याच्या महिनाभर आधीचं.

(बाहेरगावच्या नातेवाईकांसाठी: 'झूम' म्हणजे कसबा बावड्यातली कचऱ्याची जागा. तिथल्या खत प्रकल्पाचं नाव जागेलाच चिकटलं.)

थोडं गणित करू. एका एकरावर एक सेंटिमीटर पाऊस म्हणजे ४० हजार लिटर पाणी. दहा हजारी चार टँकर! आषाढात एखाद्या दिवशी दहा सेंटिमीटर कोसळला तर एकराला चाळीस टँकर. हे पाणी एकतर ढिगात मुरणार आणि घाण धुऊन काळं होऊन बुडातून बाहेर येणार, नाहीतर उतारावर ओघळी पाडत माती-प्लास्टिक घेऊन खाली येणार. इथल्या उताराचं पाणी शेवटी पंचगंगेलाच मिळतं. पुढं इचलकरंजी आहे, शिरोळची गावं आहेत. त्यांनी काय पाप केलंय?

"सगळा कचरा प्रोसेस झाला की प्रश्नच मिटेल" असं सांगणारे भेटतात. अहो, मिटेल तेव्हा मिटेल. पाऊस काय टेंडरसाठी थांबतो?

बरं, उपाय कुणी शोधून काढायचाय असंही नाही. २००० सालच्या घनकचरा नियमांत लिहिलंय: भरावावर रोज किमान १० सेंटिमीटर मातीचा थर, पावसाळ्याआधी ४० ते ६५ सेंटिमीटरचा, नीट दाबून आणि उतार देऊन. बाहेरचं पाणी बाहेरच वळवणारे चर. २०१६ च्या नियमांतही तेच. आपल्याकडचा कुठलाही शेतकरी हे ऐकून हसेल. वरच्या रानाचं पाणी आपल्या रानात शिरू नये म्हणून ताल घालायची, चर मारायचा, हे त्याला कुठल्या राजपत्रानं शिकवलं?

पण कचऱ्याचा ढीग शेतासारखा जागेवर राहत नाही, इथंच सगळं घोडं अडतं. तो वाढतो, सरकतो. गेल्या वर्षीचा चर यंदा कचऱ्याखाली गेलेला असतो, उतार फिरलेला असतो. म्हणजे हे काम एकदा करून फीत कापण्याचं नाही. दर मे महिन्यात नव्यानं मोजून करायचं. फोटो न येणारं काम, म्हणून नावडतं.

फिलिपिन्समधल्या पायातासचा ढीग १० जुलै २००० ला पावसानं भिजून झोपड्यांवर कोसळला, दोनशेहून जास्त माणसं गेली. २०१७ च्या सप्टेंबरात दिल्लीत गाझीपूरचा ढीग ढासळून दोघं मेले. आपला ढीग तेवढा नाही, मान्य. पण आपली नदी आहे ना! २०१९ आणि २०२१ ला राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४३. नदी एवढी फुगल्यावर चरातलं पाणी उतरणार कुठं? तुंबून मागं येणार. म्हणून काळं पाणी साठवायला वेगळं, उंचावरचं तळं हवंच.

तेव्हा यंदा धुराच्या निवेदनात आणखी एक ओळ घाला मंडळी. चर कुठून निघतो, कुठं संपतो, याचा चालू वर्षाचा नकाशा ३१ मेच्या आत झूमच्या गेटवर लावा. खाली जबाबदार माणसाचं नाव आणि सही.