किडनी नवी, पण औषध किती लागणार हे ठरतं आतड्यात?

किडनी किंवा लिव्हरचं प्रत्यारोपण झालं की सगळ्यांचं लक्ष नव्या अवयवाकडे असतं. पण पेशंटची पुढची वाटचाल कशी असेल, याचे संकेत त्याच्या आतड्यातल्या जिवाणूंमध्येही दिसतात. भारतात २०२३ मध्ये १८ हजारांहून जास्त अवयव प्रत्यारोपणं झाली, म्हणजे हा प्रश्न हजारो घरांचा आहे.

संशोधनात काय आढळलं?

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या संशोधकांनी किडनी, लिव्हर, हृदय किंवा फुप्फुसाचं प्रत्यारोपण झालेल्या १,३३७ जणांच्या शौचाचे नमुने तपासले. त्यानंतरच्या साडेसहा वर्षांपर्यंतच्या काळात १६२ जणांचा मृत्यू झाला. ज्यांच्या आतड्यातले जिवाणू सर्वसामान्य लोकांपेक्षा जास्त वेगळे होते, त्यांना मृत्यूचा धोका जास्त असल्याचं दिसलं.

पण जिवाणूंमुळेच मृत्यू झाले, असं यातून सिद्ध होत नाही. जास्त आजारी पेशंटना अँटिबायोटिक्सही जास्त लागतात आणि त्यानेही जिवाणू बदलतात.

जिवाणूंचा संबंध येतो कुठे?

शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून बहुतेकांना टॅक्रोलिमस हे औषध दिलं जातं. ते कमी पडलं तर अवयव धोक्यात येतो, जास्त झालं तर किडनीलाच इजा होते. म्हणून वारंवार रक्त तपासून डोस ठरवतात.

२०१५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये किडनी प्रत्यारोपणाच्या १९ पेशंटचा अभ्यास झाला. त्यातल्या ५ जणांना डोस बराच वाढवावा लागला आणि त्यांच्या आतड्यात फिकॅलिबॅक्टेरियम प्रॉस्निट्झी हा जिवाणू जास्त होता. हा एरवी 'चांगला' मानला जाणारा जिवाणू टॅक्रोलिमसचं कमी प्रभावी रसायनात रूपांतर करतो, हे २०१९ मध्ये प्रयोगशाळेत दिसलं.

मग प्रोबायोटिक सुरू करायचं का?

स्वतःच्या मनाने नाही. या पेशंटची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम कमी ठेवलेली असते, त्यामुळे जिवंत जिवाणूंपासूनच संसर्ग होऊ शकतो. २०१९ मध्ये अमेरिकेत प्रतिकारशक्ती कमी असलेल्या दोघांना दुसऱ्याच्या शौचातले जिवाणू देण्याच्या उपचारातून गंभीर संसर्ग झाला. त्यातला एक दगावला.

घरच्यांनी काय लक्षात ठेवायचं?

जुलाब लागले तर टॅक्रोलिमसचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं. 'पोट बिघडलंय, होईल बरं' म्हणून थांबू नका. ट्रान्सप्लांट टीमला लगेच कळवा. कुठलंही अँटिबायोटिक घेण्याआधीही त्यांनाच विचारा.